माहेरची वाटी

ही गोष्ट मी आजवर माझ्या नवऱ्यालाही सांगितलेली नाही. आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवी होती, तिला तर नाहीच. तुम्हाला तरी नीट सांगता येईल का? पाहते.

सौसरच्या शाळेतून संस्कृत शिकवून निवृत्त झाले आणि पांढुर्ण्याच्या घरी, साठी उलटल्यावर, मी दागिने घडवायला शिकू लागले. पुस्तकांवरून. सोनाराच्या हाताखाली बसण्याचे धाडस माझ्यात नव्हते. चुकताना कुणी पाहील, ही भीती मला लहानपणापासून आहे — पुस्तक पाहत नाही. इंग्रजीतली दोन जाडजूड पुस्तके मागवली, जोडकामासाठी गॅसची छोटी बत्ती आणली, तांब्याच्या चार अंगठ्या केल्या. घरात कौतुक होऊ लागले. ते मला आवडत होते, हेही सांगून टाकते.

वंदना माझी धाकटी जाऊ. तिच्या मंगळसूत्रात, आपल्याकडे असतात तशा, दोन वाट्या — एक सासरची, एक माहेरची. माहेरची वाटी तिच्या वडिलांनी करून दिलेली. ते तिगावला शिवणकाम करतात. तिचीच कडी निघाली.

"ताई, इतके पुस्तकं वाचून राहिल्या तुम्ही, मंग येवढीशी कडी नाही बसत का तुमच्यानं?" ती हसत म्हणाली.

नाही म्हणायला हवे होते. सोन्याला मी तोवर हातही लावला नव्हता.

अशा वाटीत लाख भरलेली असते. ती आधी काढायची, मगच आच द्यायची — पुस्तकात हे होते, दुरुस्तीच्या प्रकरणात. तिथवर मी पोचलेच नव्हते. ज्योत लागताच लाख उकळली, धूर आला, पातळ पत्रा फाटला आणि डोळ्यांदेखत वाटीचा गोळा झाला. वासावरूनच मला कळले, काय चुकले ते.

वंदना दारात उभी होती. आणि मी — इथे थांबावेसे वाटते — मी पुस्तक उघडले, भलत्याच पानावर बोट ठेवले आणि शांतपणे म्हणाले, की खोटे सोने असेच फुटते, असे यात लिहिले आहे.

सातवी शिकलेली ती. त्या पानाकडे पाहत राहिली.

"सोनाराले दाखवून पाहू का, ताई?"

"कशाला गावभर करतेस?" मी म्हणाले.

पुढे कितीतरी दिवस ती बाजाराला निघाली की मी खिडकीशी जाऊन उभी राही. आज जाईल का सोनाराकडे? ती गेली नाही. का गेली नाही, हे मला दिवाळीला कळले.

दिवाळीला तिचे वडील आले. तिच्यासाठी शिवलेले ब्लाउज आणले, माझ्यासाठीही एक. बोलता बोलता त्यांची नजर तिच्या गळ्याकडे गेली.

"माय, मी देल्ली ते वाटी कुठं गेली वं?"

"हरपली, बाबा. पडली असंन कुठं तरी."

"हात्तिच्या! अशी कशी वेंधळी तू? दुसरी करून देतो."

"नोको," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली.

बापाने आपल्याला खोटे सोने दिले, असे मानूनही ती त्याची लाज राखत होती. मी समोरच होते, त्यांनी शिवलेला ब्लाउज मांडीवर घेऊन. एक वाक्य पुरे होते. मी काय म्हणाले? मी म्हणाले, चहा निवतो आहे.

सोने शुद्ध होते. वाटी मी जाळली, आणि डाग त्यांना लावला.

ते अजूनही तिगावहून येतात. पूर्वी वंदना त्यांच्या पायाशी बसून तिकडच्या एकेका घराची चौकशी करायची. आता पाणी ठेवते आणि आत निघून जाते. ते थोडा वेळ दाराकडे पाहतात. मग माझ्याशी बोलू लागतात.