आतून लावलेली कडी

संत्र्याच्या फुलांचा वास आला की मला आखातातल्या अल खौदचं आमचं जुनं घर आठवतं. शेजारी अल्जीरियातली एक म्हातारी तिच्या प्राध्यापक मुलाकडे राहायची. एका संध्याकाळी ती त्या फुलांचं पाणी घातलेली कॉफी घेऊन आली, तेव्हा माझी मुलगी इतिहासाचा धडा पाठ करत होती. अन्यायातून असंतोष, असंतोषातून स्वातंत्र्ययुद्ध. म्हातारीने मोडक्या इंग्रजीत विचारलं, "काय वाचतेस?" मुलीने सांगितल्यावर तिने कॉफी कपांत ओतली. मग म्हणाली, "माझा मोठा भाऊ मोर्चात गेला होता, हातात फक्त झेंडा घेऊन. फ्रेंच शिपायांनी त्याला गोळी घातली. तोवर वडील आम्हाला सांगायचे, सरकारच्या वाटेला जाऊ नका. भावाला पुरलं आणि तेच डोंगरात लढायला निघून गेले. परत आलेच नाहीत." मुलीने हळूच विचारलं, "पण शेवटी तुम्ही जिंकलात ना?" "जिंकलो तर! सगळं गाव रस्त्यावर नाचत होतं. आईने मला नवा फ्रॉक घालून नाचायला पाठवलं आणि आतून कडी लावून घेतली." आता टीव्हीवर कुठल्याही देशाचा जल्लोष दिसला की माझी नजर आधी बंद दारांकडे जाते.