अकरा वर्षं जपलेला सेन्सर

माझी मावशी क्षमा करणाऱ्यांतली नाही, आणि मला तिचं तेच आवडतं. गाड्यांचा धूर तपासायचं छोटंसं केंद्र ती चालवते. मी तिथे कॉम्प्युटरवर बसते. तिच्या टेबलाच्या खणात फडक्यात गुंडाळलेला, गाडीच्या धुराच्या पाइपात बसतो तसला एक जुना सेन्सर असतो. त्याला कुणी हात लावलेला तिला खपत नाही.

अकरा वर्षांपूर्वी ती थोरल्या दिरांच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होती. एका गिऱ्हाइकाची गाडी आचके द्यायची, काळा धूर ओकायची. मावशी म्हणाली, "सेन्सर चांगला आहे. त्याच्या अलीकडे धुराच्या पाइपला तडा गेलाय. तिथून बाहेरची हवा शिरते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि इंजिनाला उगाच जास्त पेट्रोल मिळतं." तडा केसाएवढा, पाइप तापला की मिटणारा. दिरांनी गरम गाडी बघितली, त्यांना काही दिसलं नाही. नवा सेन्सर घातला, तरी आचके तसेच. नाचता येईना, अंगण वाकडं! "हिनेच सेन्सर जाळला, त्यात इंजिन बिघडलं," असं खापर फोडून त्यांनी काढलेला सेन्सर तिच्या पायाशी फेकला आणि सगळ्यांदेखत तिला हाकललं. नंतर कुठल्याच गॅरेजने तिला दारात उभं केलं नाही. गिऱ्हाईक भांडलं, आणि गाडी शेवटी दिरांच्याच गळ्यात पडली.

परवा केंद्र उघडायच्या आत तीच गाडी दारात. दुसऱ्या दोन केंद्रांनी तिला नापास केलं होतं. कुणी बघायच्या आत काम उरकावं म्हणून दीर लवकर आले होते.

"चार सेन्सर बदलले," ते पुटपुटले. "जरा बघतेस का?"

"बघते की, भाऊजी. पण पाइप गार व्हायला हवा. बसा तासभर."

पाइप गार होईपर्यंत बाहेर नऊ गाड्यांची रांग लागली. त्यातली निम्मी दिरांचीच गिऱ्हाइकं. मावशी चहा पीत होती. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

मग तिने पाइपला साबणाचं पाणी लावलं आणि इंजिन सुरू करायला सांगितलं. जोडाजवळ भराभर फेस आला. तडा आता बोटभर झाला होता. इंजिन बंद करून तिने त्यावर पत्र्याची पट्टी आवळली, दिरांचा सेन्सर काढून खणातला बसवला आणि गाडी पुन्हा सुरू केली. जरा वेळात आचके थांबले. माझ्या पडद्यावरचे आकडे झरझर उतरले. पास!

"तुझं बरोबर होतं," दीर हळूच म्हणाले.

"मोठ्याने, भाऊजी. मला हाकललंत तेव्हा आवाज चांगला खणखणीत होता."

लाल झालेल्या कानांनी ते रांगेकडे वळले. "त्या वेळी चूक माझी होती. हिची नव्हती."

मावशीने मान डोलवली. इंजिन बंद केलं, जाड हातमोजे चढवले, पट्टी सोडली, सेन्सर काढला आणि त्यांचा त्यांना परत लावून दिला.

"अगं, म्हणालो ना सगळ्यांसमोर!"

"म्हणालात. त्याने माझं नाव धुतलं गेलं. गाडी तुमची आहे, ती तुमच्या गॅरेजात दुरुस्त करा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "परत तपास गं. आहे तशी."

गाडी पुन्हा आचके देऊ लागली. मी 'नापास'च्या दोन प्रती छापल्या. एक दिरांच्या हातात दिली, दुसरी मावशीने खणात सेन्सरखाली ठेवली.