पूजेला काढलेली जाळी

लक्ष्माक्का होती म्हणून मी आहे. तिचं नाव आधी लिहिते, झालं ते मागून. दिवाळीच्या तोंडावर इस्पितळातून निरोप आला, अक्का गेली...

चौथीतून शाळा सुटली आणि मी खानदेशातून सोलापूरच्या गिरणीत, सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात आले. माणूस ओळखीचं नाही, जीव सदा धास्तावलेला. पहिल्याच दिवशी मॅनेजरसाहेब दिसले तसा मी डोक्यावरून पदर ओढला. शेजारच्या मशीनवरून अक्का ओरडली, "ए पोरी, खोच की तो पदर, चाकात जाईल! चाकाला काय सासरा समजतीस व्हय?" बाया खो खो हसल्या. मग तिनंच येऊन माझा पदर कमरेला आवळला. पुढं रोज आवळायची.

आमच्या गिरणीला सेफ्टी कमिटीही होती, बरं का! मॅनेजर, डॉक्टर, हेडक्लार्क. दातेरी चाकाजवळ कधी उभे न राहिलेले हे आमचे रक्षक. त्यांनी इंग्रजी पाट्या लावल्या, फोटो काढवून घेतला, चहा प्याले. "काय लिवलंय?" अक्कानं विचारलं. "सावध राहा," हेडक्लार्क म्हणाले. "मंग ती पाटीच चाकावर बांधा की, हात तरी आत जायचा न्हाय!" फार मागं लागल्यावर एकदाची चाकांवर लोखंडी जाळी बसली.

खंडेनवमीला चाकांना हळदकुंकू वाहायचं म्हणून ती काढली. रंगवलेली ती जाळी कमिटीला इतकी आवडली, की कुंकू लावून, हार घालून पाहुण्यांना दाखवायला ऑफिसातच ठेवली. दसरा झाला, गिरणी सुरू झाली, जाळी तिथंच. "जाळी कुटं हाय?" अक्कानं जॉबरला, म्हणजे आमच्या खात्याच्या मुकादमाला, हटकलं. "साहेब देतील. तू चालू कर." चाकात झेंडूच्या माळेचा दोरा अडकून राहिला होता. तो फिरता फिरता माझ्या मनगटाला गुंडाळला. अक्कानं दोरा तोडून मला मागं ढकललं... आणि तिचाच हात आत गेला. इस्पितळात जखम चिघळली, अक्का उठली नाही.

कमिटीनं दुखवट्याचा ठराव केला. त्यात लिहिलं, बायका निष्काळजी असतात. जाळी मात्र गुपचूप चाकावर परत आली, कुंकवासकट. आता सरकारी इन्स्पेक्टर यायचे आहेत. जॉबरनं बजावलंय, "जाळी हुती म्हण, न्हायतर खानदेशची गाडी धर."

गिरणीचं नाव इथं लिहायची छाती मला झाली नाही. सकाळी भोंगा झाला की बाया एकमेकींचे पदर आवळतात. माझा आवळायला कुणी आलं की मी आधी त्या जाळीकडं बघते. भीती अजून आहे, अक्का. पण एक दिवस त्या इन्स्पेक्टरासमोर उभी राहीन, जाळी कुठं होती ते सांगेन, आणि तुझं देणं फेडीन.