गिरणीतला आवाज

मुलुंडला आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. तिथे दळण दळणारा माणूस असेल तिशीचा. गिरणी चालू असताना फक्त त्याचंच बोलणं ऐकू येतं, तेव्हा कुणाची तक्रार नसते. पण गिरणी बंद झाली तरी तो तसाच ओरडतो. "आजी, बाजरीत किडे झालेत!" सगळ्या गल्लीला कळतं.

मी एकदा मालकाला म्हटलं, "याला तोंड आहे की भोंगा?"

मालक म्हणाला, "त्याला ऑटिझम आहे, आजी. आवाज किती चढला ते त्याचं त्याला कळत नाही. आईने गळ्यावर हात ठेवायला शिकवलंय. थरथर हाताला जोरात लागली की तो आवाज उतरवतो."

घरात आम्ही दोघंच होतो, मी आणि आमचे हे. हे गेले, तेव्हा तो गिरणीवाला भेटायला आला. माणसं कुजबुजत बसली होती. तो दारातूनच ओरडला, "आजोबा मेले! आता दळण निम्मं!"

सगळे दचकले. माझी बहीण उठली. "अरे मेल्या, हळू बोल ना!"

त्याने गळ्यावर हात ठेवला आणि तेच पुन्हा अगदी हळू म्हटलं, "आजोबा मेले. आता दळण निम्मं."

ओरडला तेव्हा मला राग आला होता. हळू बोलला तेव्हा काय म्हणाला ते कळलं. आता कणीक एकटीपुरती मळायची, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हो रे, निम्मंच!" मी म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की शेजारीण धावत आली.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या गळ्यावरच्या हाताकडे बोट दाखवलं. "आजी, असा ठेवा."