पंचफुलाची दगडाची बाई

पंचफुला आमच्या नाटक मंडळीत रंगपट सांभाळायची. मी राजा व्हायचो, ती माझा मुकुट पुसून द्यायची. मंडळी मोडली, तेव्हापासून ती पाहुण्यांना आमचं जुनं वाशीम, वाकाटकांची राजधानी, हिंडून दाखवते. शेवटचं ठिकाण ठरलेलं: तळ्याकाठची दगडाची बाई. नायिकेची वेणी घालायला पंचफुला तिच्यावरूनच शिकली.

परवा तिची नात सपना कॉलेजच्या मैत्रिणींना घेऊन आली. नातीला आपली बाई पहिल्यांदाच दाखवायची म्हणून पंचफुला हरखून गेली होती. मीही सोबत गेलो. तळ्याशी पोचलो आणि पाहतो तर काय! पायऱ्यांवर तंबाखू-खर्र्याच्या पिचकाऱ्या, आणि बाईला चक्क ऑइलपेंट! गाल गुलाबी, ओठ लालभडक, डोळे निळे. उभ्या आयुष्यात इतकी ओंगळ रंगभूषा मी पाहिली नाही.

पेंटर डबा घेऊन उभाच होता. "पाहुणे येऊन राह्यले म्हणून चमकवली, माय!"

"काहून रे, तुह्या मायचं तोंड असं रंगवशील का?" पंचफुला कडाडली. तिनं पदरानं पुसलं. रंग हलेना, पदर तेवढा गुलाबी झाला.

सपना हळूच म्हणाली, "आजी, राहू दे. चाल घरी."

"राजे, हात द्या मले," म्हणत पंचफुला मूर्तीमागच्या अरुंद फटीत शिरली. तिथं ब्रश पोचला नव्हता. काळी वेणी, पेडन्‌पेड जशीच्या तशी.

"पोरीहो, इकडून या!"

आम्ही नटांनी प्रेक्षकांना कधी पाठ दाखवली नाही. त्या दिवशी मुली एकेक करून पाठीमागेच गेल्या, आणि त्या तोंडाकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.