नववा अंक

सोमवारी सकाळी माझे पती शाळेत गेले. दुपारी त्यांचं हृदय बंद पडलं. संध्याकाळी जव्हारच्या दवाखान्यातून त्यांना जीपने घरी आणलं.

शोकसभेत एक साहेब बोलले, "गुरुजींनी या मुलांना पाढे शिकवले, हेच त्यांचं कार्य." मी मान खाली घालून ऐकलं. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

जामसरजवळच्या त्या शाळेत मीही शिकवत होते. मधे फक्त कुडाची भिंत होती, त्यामुळे यांच्या सातवीत काय चाललंय ते मला ऐकू यायचं. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात यांनी एक संख्या लिहून ठेवली होती: ७३९३९१३३. ही मूळ संख्या. उजवीकडचा एक अंक पुसा, उरते तीही मूळ. पुसत पुसत सातापर्यंत या, एकीलाही भाग जात नाही. पुस्तकात लिहिलं होतं, हिच्यापुढे नववा अंक जोडून मूळ संख्या मिळत नाही.

"पुस्तकाचं का ऐकायचं? आपण भाग घालून बघू," हे म्हणाले.

सम अंक आणि पाच आधीच बाद झाले. एक किंवा सात जोडला तर अंकांच्या बेरजेला तीनने भाग जातो, हे मुलांनीच शोधलं. उरले तीन आणि नऊ. रोज परिपाठानंतर मुलं भागाकार करत. शंभराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्या झाल्या, कशानेच भाग गेला नाही. वर्ग हट्टाला पेटला होता.

तेव्हाच शोकसभेतले ते साहेब तपासणीला आले. एका मुलीला म्हणाले, "वाच ही संख्या."

ती उभी राहिली. "सात कोटी, दोन विसांना एक कमी लाख, दोन विसांना एक कमी हजार, एकशे, एक वीस नि तेरा."

तिच्या घरी सगळे विसांनीच मोजतात. साहेब मोठ्याने हसले. "गुरुजी, यांना एकोणचाळीस म्हणता येत नाही आणि तुम्ही कोटीच्या गोष्टी करता?"

"साहेब, तिने एकही अंक चुकवलेला नाही."

"पाढे घ्या, पाढे. यांना पुढे काय करायचंय याचं?"

आणि त्यांनी स्वतः डस्टर उचललं. ते गेल्यावर ती मुलगी म्हणाली, "गुरुजी, त्या सायबाला भाग घालता येत नाय काय?" वर्ग हसला. यांनी संख्या परत लिहिली.

हे वारल्यावर त्यांच्या जागी नवीन शिक्षक आले. मी त्यांना म्हटलं, "एवढा भागाकार मुलांना पुरा करू द्या." ते म्हणाले, "बाई, वरून पाढ्यांचंच सांगितलंय." मुलांना काय झेपेल हे ठरवणाऱ्यांपैकी एकानेही त्यांना भाग घालताना पाहिलं नव्हतं. पुढे मला मोखाड्याला बदली मिळाली, ती मुलं शाळा सोडून पांगली.

पुस्तक म्हणतं, तीन जोडा की नऊ, दोन्हींना भाग जातो. ते खरंच असणार. आमच्या वर्गाने ते पडताळलेलं नाही.