ताटातला कळदार

नळदुर्गात आमचा पानमळा होता. मळ्यातली विड्याची पानं वडील सोलापूरच्या बाजारात न्यायचे. आमच्याकडं निजामाचा हाली रुपया चालायचा, सोलापुरात इंग्रजांचा कळदार. हालीवर वडिलांचा विश्वास नव्हता. हाली हातात आला की खर्चायचे. कळदार मात्र चुलीमागच्या गाडग्यात जपून ठेवायचे. "ह्यो कुठंबी चालतो," म्हणायचे.

स्वातंत्र्य आलं ते सरहद्दीपलीकडं. आमच्यावर निजामाचंच राज्य राहिलं आणि त्याला नमवायला पलीकडून नाकेबंदी झाली. पानांच्या करंड्या नाक्यावरून परत आल्या, घरात सडल्या. त्याहून वाईट म्हणजे मीठ यायचं बंद झालं. हैदराबादच्या महालात कुणी आळणी जेवल्याचं मी काही ऐकलं नाही. आळणी जेवलो आम्ही.

वडील कळदार घेऊन सगळी पेठ फिरले. चिमूटभर मीठ मिळालं नाही.

आमच्यात ताटात सगळ्यात आधी मीठ वाढतात. त्या दिवशी आईनं मिठाच्या जागी एक कळदार धुऊन ठेवला. "कुठंबी चालतो न्हवं? मग लावा तोंडाला."

मला वाटलं, वडील आता ताट भिरकावतील. त्यांनी नाणं जागचं हलवलंसुद्धा नाही. त्याच्या कडेकडेनं आळणी भाकरी आणि वरण खाऊन ते उठले.

पुढं नाके उठले, मीठ आलं. बऱ्याच वर्षांनी वडील वारले, तेव्हा मी चुलीमागं पाहिलं. एका गाडग्याची सात झाली होती. एकातही नाणं नव्हतं. सातही मिठानं काठोकाठ भरलेली होती.